दरवाजा कोणी उघडला?

राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांना कोणाचा हुकूम लागत नाही. पाणी ३४७.५० फुटांना टेकलं की दरवाजा आपोआप उचलला जातो आणि सेकंदाला १४२८ घनफूट पाणी भोगावतीत झेपावतं. रात्रीचे तीन वाजलेत की साहेब रजेवर आहेत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. 'एक दरवाजा उघडला' ही बातमी मात्र फोनाफोनीनं कोल्हापूरभर होते आणि सगळ्यांचे डोळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे लागतात. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली आणि पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला.

पाणी ओसरलं की चिखल काढता काढता वाद सुरू होतो: हा पूर आणला कोणी?

कोणा एकाकडे बोट दाखवावं, तर नदीच ते होऊ देत नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागे कोल्हापूरकडे चढतो. कृष्णेत कोयना धरणाचा विसर्ग येतो, तो महाराष्ट्राच्या हातात. खाली हिप्परगी आणि अलमट्टी ही धरणं, ती कर्नाटकाच्या हातात. पावसाचा अंदाज हवामान खात्याचा, नदीच्या पातळीचा केंद्रीय जल आयोगाचा, गावं हलवायची जिल्हाधिकाऱ्यांनी. शिवाय कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पाणीपातळी क्षणोक्षणी टिपून पुराचा अंदाज बांधणारी संगणकीय यंत्रणा महाराष्ट्रानं उभी केली आहे. तिचं गणिती प्रारूप डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेचं, अर्थसाहाय्य जागतिक बँकेचं. आकडे आता भराभर येतात. आकडा पाहून दरवाजा उचलायचा निर्णय कोणाचा, हे संगणक सांगत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात याच गुंत्याचा विचार आहे. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा आणि पाचवं दैव. म्हणून जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असं गीता बजावते. कोल्हापूरकराला ही मांडणी जड जाऊ नये. प्रयाग चिखलीच्या संगमावर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त, तरी नाव पंचगंगाच. पूर आला की सर्वांत आधी घरं सोडावी लागतात तीही याच चिखलीच्या लोकांना.

पण हे तत्त्वज्ञान सरकारी बैठकीत भलतंच सोयीचं ठरतं. पाचही कारणं हजर असतात आणि कर्ता तेवढा शोधून सापडत नाही. अतिवृष्टी झाली, ढगच फुटला म्हटलं की दैवाच्या नावावर उरलेल्या चौघांचा हिशेब मिटतो. गीतेच्या यादीत दैव शेवटी येतं. आधीच्या रिकाम्या जागा भरायला ते नाही. अर्जुनाला 'तू निमित्तमात्र' म्हटलं, तरी धनुष्य त्याच्याच हातात ठेवलं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळकांचा सारा भर याच्यावरच आहे: सोडायची ती फलाशा, कर्म नव्हे. अहंकार गेला म्हणून जबाबदारी जात नाही.

२०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं अलमट्टीला दोष दिला नाही. अतिवृष्टी आणि नदीकाठच्या अतिक्रमणांकडे लक्ष वेधलं. शिरोळ तालुक्यात हे आजही अनेकांना पटत नाही. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा कर्नाटकाचा आग्रह असताना पटावं तरी कसं? जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले, धरणांच्या विसर्गात समन्वय ठेवायचं ठरलं. महिन्याभरानं पूर आलाच. समन्वय हा शब्द वाईट नाही. त्याच्यावर सही कोणाची, एवढंच तो सांगत नाही.

नृसिंहवाडीत तेच पाणी वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. कृष्णा दत्त मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी भाविक चिंब भिजत गर्दी करतात. पण पाणी चढायला लागलं की उत्सवमूर्ती वर हलवायची, हे तिथं आधीपासून ठरलेलं असतं. पाणी दैवाचं मानणारी माणसंही मूर्ती दैवावर सोडत नाहीत.

राधानगरीचे दरवाजेही दैवावर चालत नाहीत. ३४७.५० हा आकडा कोणीतरी कोरड्या दिवसांत, डोकं शांत असताना ठरवला होता. दोन राज्यांच्या धरणांना असा एकच आकडा पुरणार नाही. कोयनेचा येवा, अलमट्टीची पातळी, शेतीचं पाणी, वीज, सगळं तोलावं लागेल. म्हणूनच तोलणारा माणूस आधी ठरायला हवा. पावसाळ्यापूर्वी दोन्हीकडचे अभियंते बैठकीला बसतील, तेव्हा विसर्गाचा अंतिम निर्णय कोणत्या पदावरचा अधिकारी घेणार आणि तो न पटल्यास किती तासांत कोणाकडे दाद मागायची, हे इतिवृत्तात लिहून घ्यावं. त्या कागदाची एक प्रत, फोन नंबरासह, प्रयाग चिखलीच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.