जर्मन छापाची देवचित्रे आणि संग्राहकाचा अधिकार

दोन-तीन पिढ्या गंध-हार घेतलेली देवाची तसबीर भिंतीवरून उतरवून, चौकटीतला छापील कागद पैसे मोजणाऱ्या संग्राहकाच्या हाती दिला जातो, तेव्हा नेमके काय हस्तांतरित होते, हा प्रश्न वरवर बाजाराचा वाटला तरी मुळात धर्मविचाराचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन यंत्रांवर, जर्मन कारागिरांच्या देखरेखीखाली किंवा थेट जर्मनीत छापलेली लक्ष्मी, सरस्वती, दत्त, रामपंचायतन यांची चित्रे आज जुन्या चित्रांच्या बाजारात मोलाने विकली जातात. ती विकत घेणारा देव विकत घेतो, कलाकृती घेतो की केवळ जुना कागद घेतो, याचे उत्तर ठरल्याशिवाय त्याच्या संग्रहाला योग्य किंवा अयोग्य म्हणता येत नाही.

या प्रश्नाची एक कड बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे दिसते. गोव्याच्या हद्दीजवळच्या, चोर्ला घाटाच्या माथ्याकडील या अतिवृष्टीच्या गावी मलप्रभा नदी उगम पावते आणि उगमाशीच माउलीचे देवालय उभे आहे. कोकण, गोवा आणि हा सीमाभाग या साऱ्या पट्ट्यात भंगलेली मूर्ती, फाटलेली पोथी किंवा वाळवी लागलेली तसबीर वाहत्या पाण्यात सोडण्याची अथवा वडा-पिंपळाच्या पारावर ठेवण्याची रीत आहे. जीर्ण झालेले देवाचे रूप ज्या पंचमहाभूतांतून आले त्यांतच परत जावे, ही त्या रीतीमागची समजूत आहे. संग्राहक नेमका या परतीच्या वाटेवर उभा राहतो, जे पाण्यात जाणार होते ते थांबवतो आणि त्याला आम्लरहित कागदात गुंडाळून कपाटात ठेवतो. जतन करण्याची ही कृती ज्ञानाच्या दृष्टीने स्तुत्य असली तरी विधीच्या दृष्टीने अडथळा आहे, आणि हा पेच शब्दांचा खेळ करून सुटणारा नाही.

प्रथम ही चित्रे कशी तयार झाली ते पाहणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या घडणीतच उत्तराचा एक धागा आहे. शिळाछाप, म्हणजे सपाट दगडावर स्निग्ध शाईने चित्र काढून पाणी व तेल यांच्या परस्परविरोधावर छपाई करण्याची पद्धत, आलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिक येथे शोधून काढली. तिच्यासाठी लागणारा बारीक पोताचा चुनखडक बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या खाणींतून जगभर जात असे. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड वापरून एकाच कागदावर रंगावर रंग चढवला की रंगीत शिळाछाप होतो, आणि त्यावर रोगण देऊन तैलचित्राचा भास आणला की त्याला ओलिओग्राफ म्हणतात. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ यांच्या बळावर. प्लेगच्या काळात तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला, आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्यानंतर कित्येक दशके महाराष्ट्राच्या देव्हाऱ्यांवरची लक्ष्मी आणि सरस्वती एका जर्मन गृहस्थाच्या कारखान्यातून येत राहिली. दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते आणि १९०९ मध्ये ते रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी जर्मनीला गेले होते. महाराष्ट्रातील देवचित्रांच्या इतिहासात जर्मनीचे नाव असे वारंवार येते.

स्वदेशीचा आग्रह वाढत असलेल्या त्याच काळात परधर्मीयाच्या हातून आणि यंत्रातून निघालेला हा देव घरात आला, तेव्हा त्याची पूजा अडली नाही, ही या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. शिल्पशास्त्रांनी मूर्तिकाराच्या शुचितेचे, त्याच्या आहार-विहाराचे आणि मुहूर्ताचे नियम घालून दिले आहेत. मळवलीच्या यंत्राला यांपैकी एकही नियम लागू होत नव्हता. तरीही गृहिणीने त्या लक्ष्मीला हळद-कुंकू वाहिले, काहींनी तर तिच्या छापील लुगड्यावर खरी जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून तिला नेसवले. श्रद्धेने येथे मूक पण निःसंदिग्ध निर्णय दिला आहे की पावित्र्य करणाऱ्याच्या हातातून चित्रात उतरत नाही.

या निर्णयाला शास्त्राचा आधार नाही असे मात्र नाही. भागवताच्या एकादश स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात श्रीकृष्ण उद्धवाला पूजाविधी सांगताना प्रतिमांचे आठ प्रकार मोजतो: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, मनात कल्पिलेली आणि रत्नाची. यांतील रेखाटलेली, म्हणजे ‘लेख्या’, हीच आजच्या तसबिरीची पूर्वज होय. मनातील प्रतिमेला दगडी मूर्तीच्या पंक्तीला बसवणारी ही यादीच सांगते की प्रतिमेचे द्रव्य गौण आहे. त्याच ठिकाणी पुढे दोन बारकावे येतात. स्थिर प्रतिमेच्या पूजेत आवाहन, म्हणजे देवतेला बोलावणे, आणि उद्वासन, म्हणजे तिला निरोप देणे, हे दोन्ही विधी नसतात, तर चल प्रतिमेच्या बाबतीत ते करावेत की न करावेत याची मोकळीक आहे. शिवाय लेपाच्या आणि रेखाटलेल्या प्रतिमेला स्नान न घालता ती केवळ पुसून घ्यावी, असेही सांगितले आहे. संत एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत विस्तृत टीका रचली आणि ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. हा विचार म्हणूनच मराठी वाचकाला संस्कृतच्या दाराबाहेर ताटकळत ठेवणारा नाही.

चल प्रतिमेसंबंधीची मोकळीक हीच या विवेचनाची किल्ली आहे. तसबीर ही चल प्रतिमा असून तिच्यातील देवतेचे येणे-जाणे पूजकाच्या संकल्पावर सोपवलेले आहे. गणेशचतुर्थीनंतर उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती किंचित हलवली की ती विसर्जनाला मोकळी होते, हे प्रत्येक मराठी घर जाणते. ज्या घराने तसबीर उतरवताना अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि मनाने निरोप दिला, त्या घराने संग्राहकाच्या हाती देव दिला नाही, देव येऊन गेल्याची जागा दिली. ज्या घराने तसे केले नाही, तेथे व्यवहार अपुरा राहिला, आणि ती उणीव संग्राहकाच्या पैशाने भरून निघत नाही.

युरोपातील एका विचारवंताचे मत येथे तपासून पाहण्यासारखे आहे. वाल्टर बेन्यामिन या जर्मन-ज्यू लेखकाने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले की कलाकृतीचे मूळ मोल तिच्या पूजेत, तिच्या एकमेव असण्यात आणि तिच्या स्थानाशी जखडलेल्या अस्तित्वात असते. यंत्राने तिच्या हजारो प्रती निघाल्या की हे वलय विरते आणि पूजेच्या मोलाची जागा प्रदर्शनाचे मोल घेते. रविवर्मा छापखान्याचा अनुभव या सिद्धान्ताच्या नेमका उलट आहे. तिरुवनंतपूर किंवा बडोद्याच्या राजवाड्यातील एकमेव तैलचित्र पाहण्याचे होते, पूजेचे नव्हते. त्याच विषयाची छापील प्रत चार घरांत पोहोचली तेव्हा ती चारही घरांत देव झाली. प्रत निघाल्याने वलय गेले नाही, उलट प्रतीमुळेच पूजा शक्य झाली. बेन्यामिनचा विचार मोलाचा असला तरी तो चर्चमधील वेदीचित्रावर बेतलेला आहे आणि मराठी देव्हाऱ्याच्या मापात बसत नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

तोच बेन्यामिन स्वतः संग्राहक होता, हे मात्र विसरता येत नाही. पाउल क्ले याने १९२० मध्ये काढलेले ‘आंगेलुस नोवुस’ हे देवदूताचे लहानसे चित्र त्याने १९२१ मध्ये विकत घेतले, अनेक वर्षे जवळ बाळगले आणि त्यावर आपले इतिहासविषयक चिंतन उभारले. १९४० मध्ये पॅरिस सोडताना त्याने ते एका मित्राच्या स्वाधीन केले, स्पेनच्या सीमेवर त्याचा अंत झाला, आणि चित्र आज जेरुसलेमच्या संग्रहालयात आहे. पूजेसाठी न काढलेले चित्र एका माणसाच्या सततच्या चिंतनाने जवळजवळ उपास्य झाले, तर पूजेतले चित्र संग्राहकाच्या हाती केवळ प्रेक्षणीय होऊ शकते. दोन्ही दिशांनी मोल चित्राबाहेरच्या माणसाकडूनच येते.

येथून मालकीच्या प्रश्नाकडे वळता येते. मीमांसादर्शनाच्या नवव्या अध्यायावरील भाष्यात शबरस्वामींनी देवतेला शरीर नाही आणि म्हणून ती खऱ्या अर्थाने धनाची स्वामिनी होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. गाव देवाचे आहे असे म्हणणे ही त्यांच्या मते बोलण्याची लकब होय. आधुनिक कायद्याने याच्या विरुद्ध वाट धरली. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या खटल्यात १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कौटुंबिक देवमूर्ती ही हव्या त्या ठिकाणी हलवावी अशी निव्वळ वस्तू नसून तिचे हित व इच्छा लक्षात घेतली पाहिजे, असा निर्णय दिला. तो निर्णय प्रतिष्ठा झालेल्या मूर्तीपुरता आहे आणि विधिवत प्रतिष्ठा न झालेल्या छापील कागदाला तो जसाच्या तसा लावणे ताणून लावणे ठरेल. त्यातील विवेक मात्र लागू पडतो, कारण ज्या वस्तूकडे एका कुटुंबाने हात जोडले, तिच्याबाबत खरेदीखत हा शेवटचा शब्द असू शकत नाही.

मालकीचा याहून खोल विचार निपाणी-चिकोडी भागात पिढ्यान्‌पिढ्या शेती करून राहिलेल्या जैन समाजाच्या परंपरेत मिळतो. निपाणीजवळचे स्तवनिधी हे त्यांचे प्रसिद्ध क्षेत्र. जैन आचारात मुनीला संपूर्ण अपरिग्रह आणि गृहस्थाला परिग्रहपरिमाण, म्हणजे संग्रहाला स्वतः आखलेली मर्यादा, सांगितली आहे. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून न करता ‘मूर्च्छा’ या शब्दाने केली आहे. मूर्च्छा म्हणजे वस्तूविषयीची अशी आसक्ती, जिच्यात माणसाचे भान हरपते. या कसोटीवर शंभर चित्रे सांभाळणारा निर्दोष ठरू शकतो आणि एकाच दुर्मीळ प्रतीसाठी एखाद्या वृद्धेच्या गरजेचा फायदा घेणारा दोषी ठरतो. संग्राहकाची नैतिक तपासणी करण्यासाठी याहून नेमके साधन आढळत नाही.

मलप्रभेच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण याहूनही कठोर आहे. कणकुंबीहून निघालेली ही नदी सुमारे ३०४ किलोमीटर वाहून कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते, आणि तेथे बसवेश्वरांचे ऐक्यस्थान आहे. त्यांच्या परंपरेत एका जागी रोवलेल्या स्थावर देवालयापेक्षा अंगावर धारण केलेल्या इष्टलिंगाला महत्त्व आहे, आणि माणसाच्या मृत्यूनंतर ते त्याच्या देहासोबतच मातीत जाते. संग्रहाला त्यात मुळी जागाच ठेवलेली नाही. तसबीर या दोहोंच्या मधली आहे. ती स्थावर नाही आणि एका देहाशी बांधलेलीही नाही. ती घराची असते, घराच्या वाटण्या होतात तेव्हा थोरल्याच्या वाट्याला जाते, आणि घर मोडले की पोरकी होते. संग्राहकाचा अधिकार असलाच तर तो या पोरकेपणातून येतो आणि पालकाच्या अधिकाराइतकाच मर्यादित असतो.

या पालकत्वात आज एक मोठी चूक सर्रास होते. भागवताने चित्रप्रतिमेला स्नानाऐवजी पुसणे सांगितले. छापील चित्राच्या काळात हे काम काचेने सोपे केले. गंध काचेला लागते, कुंकवाचे बोट काचेवर उमटते, उदबत्तीचा आणि चुलीचा धूर काचेवर व चौकटीच्या कडांत साचतो, तर आतला कागद बऱ्याच अंशी कोरा राहतो. संग्राहक मात्र कागदालाच चित्र समजतो, म्हणून डाग नसलेल्या प्रतीला अधिक किंमत देतो, खालच्या पट्टीवरचे छापखान्याचे नाव वाचून समाधान पावतो आणि जुनी काच, बुरशीने काळवंडलेली चौकट व मागची फळी फेकून देतो. श्लायशरच्या कारखान्याने छापलेले तेवढे तो ठेवतो, आणि घराने ऐंशी वर्षांत त्यावर जे लिहिले ते टाकून देतो. पावित्र्य छापणाऱ्याच्या हातातून आले नव्हते, हे एकदा मान्य केले की या व्यवहारातला उफराटेपणा उघड होतो. पूजेतून आलेले पावित्र्य विकत घेता येत नाही, कारण ते पूजकासोबत गेले. पण त्याच्या खुणा राहतात, आणि जतन करण्याजोगे खरे काही असेल तर त्या खुणाच आहेत.

चित्राची वाट नोंदवण्याचे मोल जर्मनीनेच जगाला दुःखाने शिकवले आहे. नाझी राजवटीत ज्यू कुटुंबांच्या भिंतींवरून गेलेल्या चित्रांचे मूळ घर शोधण्यासाठी १९९८ मध्ये वॉशिंग्टन येथे ४४ देशांनी तत्त्वे मान्य केली, तेव्हापासून चित्र कोणी काढले याइतकेच ते कोणाच्या घरातून आले हेही विचारले जाऊ लागले. सीमाभागातील तसबिरी कोणी बळजबरीने नेलेल्या नाहीत, त्या बहुधा घरच्यांनीच दिल्या आहेत, म्हणून दोन्ही गोष्टींची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरीही बेनाव झालेले चित्र दोन्हीकडे सारखेच मुके असते.

म्हणून जुन्या देवचित्रांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला एवढीच विनंती आहे. तसबीर घेण्याआधी घरच्यांना तिच्यावर अक्षता वाहू द्याव्यात, ते पाण्यात सोडू म्हणाले तर हट्ट न करता नमस्कार करून परत फिरावे, आणि चित्र मिळालेच तर मागच्या फळीवर गावाचे नाव व उतरवल्याचा दिवस पेन्सिलीने लिहून ठेवावा. काचेवरचे कुंकू पुसू नये.