अभावाचे व्याकरण

इंग्रजी शिकणारा चिनी भाषक ‘ही टॉल’ असे वाक्य लिहितो, तेव्हा शिक्षक मध्ये लाल शाईने एक ‘इज’ घालतो. दुरुस्ती म्हणून ते योग्यच आहे. प्रश्न निर्माण होतो तो या दुरुस्तीचे जे कारण सांगितले जाते त्यातून. ‘तुमच्या भाषेत हे क्रियापद नाही’, असे शिक्षक म्हणतो. आणि तौलनिक तत्त्वज्ञानाचा एखादा अभ्यासक आणखी पुढे जाऊन सांगतो, की ज्या भाषेत ‘असणे’ नाही तिच्यात सत्तामीमांसाही संभवत नाही. पहिले विधान अर्धसत्य आहे आणि दुसरे त्या अर्धसत्यावर उभारलेले आहे. परक्या भाषेचे वर्णन तिच्यात काय नाही यावरून करणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ भाषाविज्ञानाचा राहत नाही.

इंग्रजीने ‘बी’ या एकाच क्रियापदाकडे सोपवलेली कामे चिनी भाषा वेगवेगळ्या शब्दांत वाटून देते. ‘तो शिक्षक आहे’ यासाठी ‘शी’, ‘तो घरी आहे’ यासाठी ‘त्साय’, तर ‘टेबलावर पुस्तक आहे’ यासाठी ‘यौ’. हाच ‘यौ’ मालकीही दाखवतो. ‘तो उंच आहे’ या वाक्याला मात्र यांपैकी एकही लागत नाही. तेथे विशेषण स्वतःच विधेय होते: ‘ता हन काओ’. विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका या वाटणीतून उद्भवतात. ‘ही टॉल’ ही त्यातली एक. ‘देअर हॅव अ बुक’ ही दुसरी, कारण ‘यौ’चा पहिला प्रतिशब्द ‘हॅव’ असा शिकवलेला असतो. तिसरी चूक अधिक बोलकी आहे. ‘आय ॲम अग्री’ असे लिहिणाऱ्याने आपल्याकडे नसलेली वस्तू गरज नसलेल्या ठिकाणीही आणून ठेवलेली असते. पहिल्या चुकीत मातृभाषा बोलते. तिसरीत, निदान काही अंशी, लाल शाईचा धाक बोलतो.

जी गोष्ट गैरहजर असल्याबद्दल विद्यार्थ्याचे गुण जातात, तिच्या हजेरीबद्दल बर्ट्रांड रसेल यांनी खेद व्यक्त केला होता. तादात्म्य आणि विधेयन या दोन सर्वस्वी भिन्न संबंधांसाठी ‘इज’ हा एकच शब्द वापरला जावा, ही गोष्ट त्यांनी १९१९च्या ग्रंथात मानवजातीला लांच्छनास्पद ठरवली. पुढच्याच वर्षी ते व्याख्यानांसाठी पेकिंगला गेले. रसेल यांना हवा असलेला भेद तेथील श्रोते रोजच्या बोलण्यात अनायासे पाळत होते.

या वादाची सैद्धांतिक बाजू परिचित आहे. ॲरिस्टॉटलने विचाराचे म्हणून मांडलेले पदार्थ वस्तुतः ग्रीक भाषेचे पदार्थ होत, असे बेनव्हेनिस्त यांनी १९५८ साली प्रतिपादन केले आणि विरोधी उदाहरण म्हणून टोगोमधील एवे भाषा घेतली. देरिदा यांनी १९७१च्या निबंधात या मांडणीतील गृहीतकांनाच हात घातला. दरम्यान १९५९मध्ये ए. सी. ग्रॅहम यांनी चिनी भाषेपुरता हा प्रश्न तपशिलाने तपासला होता. चिनी बाजूने चांग तुंग-सुन यांनी १९३०च्या दशकातच उणिवेचा गौरव केला होता: चिनी विचार उद्देश्य-विधेयाच्या चौकटीत अडकला नाही, म्हणून तो द्रव्याच्या कल्पनेतही अडकला नाही. ही मांडणी स्वाभिमानी आहे, पण मोजपट्टी तीच राहते. ‘त्यांच्याकडे नाही’ याऐवजी ‘आमच्याकडे नाही, हे बरेच’ असे म्हटल्याने अभावाचे व्याकरण बदलत नाही.

इतिहासाकडे पाहिले तर हा कार्यकारणभावच डळमळतो. ‘शी’ हा प्राचीन चिनी भाषेत ‘हे’ या अर्थाचा दर्शक शब्द होता. संयोजकाचे काम त्याच्याकडे पुढे आले. वांग ली यांनी १९३७मध्ये या स्थित्यंतराचा शोध घेतला. १९७३ साली हुनान प्रांतात मावांगत्वे येथे, इ. स. पूर्व १६८मध्ये बंद झालेल्या थडग्यात, धूमकेतूंविषयीचे रेशमी हस्तलिखित सापडले. त्यात ‘शी शी’ अशी द्विरुक्ती आहे: पहिला ‘शी’ म्हणजे ‘हे’, दुसरा म्हणजे ‘आहे’. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी संयोजक घडत होता. म्हणून काही तेथे पार्मेनिडीझ निपजला नाही. उलट, सत्तेचा वाद चिनी भाषेत खरोखर झाला तो संयोजकाच्या आधाराशिवाय. ‘सर्व अस्ति’ म्हणणाऱ्या सर्वास्तिवादी बौद्धांचे ग्रंथ ह्युएन-त्संगाने सातव्या शतकात भाषांतरित केले, तेव्हा त्यांतील ‘अस्ति’ला ‘यौ’ पुरेसा पडला.

दुसरीकडे, ‘शी’ या शब्दाला ‘योग्य’ हाही अर्थ आहे आणि ‘फेइ’ म्हणजे अयोग्य. मेन्शियसच्या मते या दोहोंचा विवेक करणारे मन हाच प्रज्ञेचा अंकुर. यावरून चिनी माणसाच्या प्रत्येक ‘आहे’मध्ये नैतिक होकार दडलेला असतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा. व्युत्पत्ती म्हणजे विचार नव्हे.

शेवटच्या वाक्यातील ‘नव्हे’ मराठी वाचकाने जरा थांबून पाहण्याजोगा आहे. ‘तो शिक्षक आहे’, ‘तो उंच आहे’, ‘तो घरी आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘देव आहे’ – मराठीचा ‘आहे’ इंग्रजी ‘इज’हूनही अधिक ओझे वाहतो. नकारात मात्र ‘तो शिक्षक नव्हे’ आणि ‘तो घरी नाही’ हा भेद उरतो. चिनी भाषाही ‘शी’चा नकार ‘पू’ने आणि ‘यौ’चा ‘मेइ’ने करते. बोली व्यवहारात ‘नाही’ने ‘नव्हे’ची जागा बरीचशी घेतली आहे, पण म्हणून मराठी भाषकाच्या मनातील तादात्म्य आणि अस्तित्व यांची सरमिसळ झाली असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीच्या मापाने मराठीत ‘हॅव’ही नाही. तेवढ्यावरून मराठी माणसाला मालकीची कल्पना नाही असे ठरवायचे झाल्यास बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या दाव्यांचा खुलासा करावा लागेल!

अर्थात, रिकाम्या जागी क्रियापद पाहण्याची सवय केवळ पाश्चात्त्यांची नाही. संस्कृतातील क्रियापदविरहित वाक्यात ‘अस्ति’ अध्याहृत असतेच, असे कात्यायनाचे वार्तिक सांगते. फरक इतकाच, की तो आपल्याच भाषेविषयी बोलत होता; कोणाला गुण देत नव्हता.

तेव्हा शिक्षकाने ‘इज’ घालावाच. कारण देताना मात्र ‘इंग्रजीत विशेषण एकटे विधेय होऊ शकत नाही’, एवढेच सांगावे. ही मर्यादा इंग्रजीची आहे. आणि ‘ता हन काओ’मधला ‘हन’ काय करतो, हे विद्यार्थ्यालाच विचारावे. तो बहुधा ‘फार’ असे उत्तर देईल, कारण शब्दकोशात तसे लिहिलेले आहे. प्रत्यक्षात या वाक्यात ‘हन’चा ‘फार’ हा अर्थ जवळजवळ विरलेला असतो. तो काढला तर ‘(दुसऱ्यापेक्षा) तो उंच’ अशी तुलना कानाला जाणवू लागते. हे त्याला ऐकताना अचूक कळते. सांगता मात्र येत नाही, कारण व्याकरण म्हणून त्याने जे शिकले ते दुसऱ्या भाषेसाठी घडवलेले होते.