पीळ तोच, मग शत्रू कोण?

एखाद्याला मारण्याचं समर्थन करायचं असेल तर आपण आधी तो ‘आपल्यापेक्षा वेगळा’ आहे हे ठरवून टाकतो. जंतूंच्या बाबतीत तर हा प्रश्नच कुणाला पडत नाही. ते जंतू, आपण माणसं, विषय संपला. एम.एस्सी.ला कोऑर्डिनेशन केमिस्ट्री शिकताना मला हा प्रश्न पडला, आणि तो पाडला एका रेणूने.

त्या रेणूंच्या कुळाला हेलिकेट म्हणतात. दोन किंवा तीन सेंद्रिय धागे धातूच्या अणूंभोवती गुंडाळले जातात आणि दोरीला पडावा तसा पीळ आपोआप पडतो. हे नाव 1987 साली फ्रान्समधल्या ज्याँ-मारी लेन यांच्या गटाने दिलं. त्यांच्या पिळात तांबं होतं. पुढे इंग्लंडमध्ये मायकेल हॅनन यांच्या गटाने लोखंडाचे दोन अणू आणि तीन धागे घेऊन असा एक रेणू केला, जो डीएनएच्या रुंद खाचेत जाऊन बसतो. डीएनएवर ऋण भार असतो, या रेणूवर चार धन भार. जवळीक होणारच.

वॉरिक विद्यापीठातल्या पीटर स्कॉट यांच्या गटाने पुढची अडचण सोडवली. पीळ डावा किंवा उजवा असू शकतो आणि डीएनए दोघांशी सारखं वागत नाही. त्यांनी एकाच बाजूला वळलेले, पाण्यात टिकणारे रेणू घडवले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात हे रेणू एमआरएसए आणि ई. कोलाय या दोन्हींविरुद्ध प्रभावी दिसले, आणि सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीला त्यांनी फारसा अपाय केला नाही. औषध होण्यापासून हे अजून खूप लांब आहे, पण दिशा कळते.

आता खरी गोम. डीएनए बॅक्टेरियात आहे तसंच तुमच्या-माझ्यातही आहे. तीच चार अक्षरं, तोच उजवा पीळ. मग डीएनएला धरणाऱ्या रेणूला हे डीएनए कुणाचं आहे ते कसं कळणार? कळत नाही. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं संयुग आठवा. 1965 साली बार्नेट रोझेनबर्ग यांना त्याचा सुगावा लागला तो बॅक्टेरियांवरच्या प्रयोगात, ते 1978 साली मान्यता पावलं ते कर्करोगावरचं औषध म्हणून, आणि त्याने मूत्रपिंडाला, कानांना होणारा त्रास रुग्ण आजही सोसतात.

भेद करायचा तर तो दारापाशी करावा लागतो. बॅक्टेरियाच्या पेशीचा बाहेरचा पृष्ठभाग आपल्या पेशींपेक्षा जास्त ऋणभारित असतो, त्यामुळे धनभारित रेणू तिकडे अधिक ओढला जातो. आत त्याचं डीएनए केंद्रकाच्या आवरणाविना मोकळं असतं. म्हणजे गाभा एकच. फरक आहे तो भिंतीचा, जागेचा आणि मात्रेचा.

मग मारणं चूक ठरतं का? मला तसं वाटत नाही. नवजात बाळाच्या रक्तात संसर्ग पसरत असताना तत्त्वज्ञान सांगत बसणं क्रूरपणा आहे. पण मारण्याचं कारण मात्र बदलतं. ई. कोलायच्या बहुतेक जाती आपल्या आतड्यात निमूट नांदतात. तोच जीव रक्तात शिरला तर जिवावर बेततं. ‘शत्रू’ हे कुणाच्या जातीचं नाव नाही, ते त्या घडीच्या नात्याचं नाव आहे.

हा शब्दांचा खेळ नाही, कारण याने वागणं बदलतं. शत्रुत्व जातीतच असेल तर कितीही मारा, कधीही मारा, व्हायरसच्या सर्दीवरही गोळी घ्या. ते परिस्थितीत असेल तर दर वेळी विचारावं लागतं: आत्ता गरज आहे का? अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, हा इशारा फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. एका जागतिक अंदाजानुसार 2019 साली औषधांना न जुमानणाऱ्या संसर्गांमुळे थेट 12.7 लाख माणसं गेली.

अर्थात संयमाचा उपदेश करणं सोपं असतं. रोजंदारीवरचा माणूस डॉक्टरची फी आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाचवायला मेडिकलमधून दोनच गोळ्या घेतो, तेव्हा त्याला दोष देऊन मोकळं होता येत नाही. ज्यांना साधं अँटिबायोटिकही वेळेवर मिळत नाही, तेही मरतातच. म्हणून नवे रेणू हवेत, आणि ते जपून वापरता येतील अशी आरोग्यव्यवस्थाही हवी. एकामुळे दुसऱ्यातून सुटका नाही.

पीळ डावा असावा की उजवा, हे प्रयोगशाळेत ठरवता येतं. तो कुणावर, कधी आणि किती वापरायचा, हे त्या रेणूत कुणालाच घडवता येणार नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागेल.