सैल सोडणे म्हणजे नक्की काय?



आजचे वाचन: पातंजल योगसूत्रे, साधनपाद, सूत्र ४७.

आदल्या सूत्रात पतंजलींनी सांगितले की आसन स्थिर आणि सुखाचे असावे. ते तसे कशाने होते, हे आजच्या सूत्रात येते. दोन गोष्टी सांगितल्या आहेत: प्रयत्न सैल सोडणे, आणि मन अनंताच्या ठिकाणी लावणे. पहिल्या गोष्टीला त्यांचा शब्द आहे 'शैथिल्य'. या एका शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. आज ते मोकळेपणाने सांगतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बाबा गेले. रात्री झोपेतच. मी बाजूच्या खोलीत लॅपटॉपवर ऑफिसच्या रिलीजमध्ये होतो. भिंतीपलीकडे माणूस निघून गेला आणि मला कळलंही नाही. तेराव्यापर्यंत लोक येत होते आणि एकच वाक्य बोलत होते, आत्मा अमर आहे. मीही मान डोलवत होतो. आतून मात्र इंजिनिअर विचारत होता: पुरावा काय?

त्या शोधात मी रॉबर्ट मन्रो यांच्यापर्यंत पोचलो. हे अमेरिकेतले रेडिओ व्यवसायातले गृहस्थ. १९५८ पासून आपल्याला शरीराबाहेर पडल्याचे अनुभव येऊ लागले असं त्यांनी लिहिलं आणि १९७१ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यांचं मुख्य सांगणं असं की शरीर पूर्ण झोपलं पाहिजे आणि मन जागं राहिलं पाहिजे. म्हणजे पहिली पायरी, अंग सैल सोडायला शिकणं. मला वाटलं, हे तर जमण्यासारखं आहे. मी स्वतः बाहेर पडून बघितलं की प्रश्न मिटला. मी बाहेर पडू शकतो, तर बाबाही पडले असतील आणि कुठेतरी असतील.

मग रोज रात्री पावणेदहाला दार लावून, कानाला हेडफोन लावून शवासन. शिकागोच्या डॉक्टर एडमंड जेकबसन यांची १९२९ च्या पुस्तकातली रीत घेतली: एकेक स्नायू आधी थोडा आवळायचा आणि मग सोडायचा. पायाची बोटं, पोटऱ्या, मांड्या, पोट, खांदे, शेवटी जबडा आणि डोळे. जबडा आपण दिवसभर किती घट्ट धरलेला असतो, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं! पण एका मर्यादेनंतर गाडी अडायची. अंग सैल व्हायचं आणि आत कोणीतरी पहारा देत बसायचं: झालं का? आता होईल का? मी सैल सोडण्याचासुद्धा जोर लावत होतो.

एकदा मात्र झालं. पहाटे चारला उठून पुन्हा आडवा झालो होतो. कानात मोठा गुंजारव, अंगभर थरथर, हात हलेना. मग पाय हलके होऊन वर गेले आणि मी छताजवळ होतो. पंखा माझ्या खाली होता. चाचणी म्हणून बायकोला एका चिठ्ठीवर तीन आकडी नंबर लिहून कपाटावर ठेवायला सांगितलं होतं. मी कपाटाकडे बघितलं. वरचा भाग चकचकीत, स्वच्छ. चिठ्ठी नाही.

सकाळी स्टुलावर चढलो. चिठ्ठी जागेवर होती, शेजारी जुनी सूटकेस होती आणि दोन्हींवर बोटभर धूळ. बायको म्हणाली, "वर गेलाच होतास तर धूळ तरी पुसून यायचं."

हसलो खरा, पण त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो. बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

नंतर वाचलं की स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायूंना जखडून ठेवतो. मन आधी जागं झालं तर गुंजारव, छातीवर दाब, तरंगणं असे अनुभव येऊ शकतात. २००२ साली ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत, उजव्या बाजूच्या एका ठरावीक जागी, सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला तेव्हा तिला आपण वरून आपलंच शरीर बघतोय असं वाटलं. प्रवाह देणारा माणूस शेजारी उभा होता.

मग श्रद्धा संपली का? मी बरेच दिवस तसं समजत होतो. पण गीतेचा तेरावा अध्याय पुन्हा वाचताना माझी चूक लक्षात आली. भगवान तिथे क्षेत्र आणि ते जाणणारा क्षेत्रज्ञ असे दोन वेगळे सांगतात. जे जे जाणलं जातं ते क्षेत्रात जमा. आता बघा, छताजवळ तरंगणारा 'मी' हासुद्धा मला जाणवतच होता ना? म्हणजे तोही क्षेत्रातलाच. मी अगदी चिठ्ठीवरचा नंबर अचूक वाचला असता तरी फार तर इतकंच ठरलं असतं की बघण्याची जागा बदलता येते. बघणारा कोण, हा प्रश्न होता तिथेच राहिला असता. आत आणि बाहेर हे शब्द शरीराच्या हिशेबातले. साक्षीला ते लावायला गेलो, ही माझी मूळ चूक. चाचणी ठीक होती, पण ती भलत्याच मॉड्यूलवर चालली होती.

गंमत म्हणजे पतंजलींना हा विषय नवीन नाही. विभूतिपादात ते परकायाप्रवेशाबद्दल सांगतात आणि तिथेही 'शैथिल्य' हाच शब्द येतो. पण तिथे सैल व्हायचं आहे ते बंधनाचं कारण. आणि त्याच पादात ते बजावतात की अशा सिद्धी समाधीत अडथळा ठरतात.

माझं बंधनाचं कारण काय होतं, हे सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

त्याच महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब, शेवटचा रात्री दहाला. दिवसाचे बायको घालायची, रात्रीचा माझ्याकडे होता. एका रात्री पाणी प्यायला बाहेर आलो तर आई सोफ्यावर मान मागे टाकून स्वतःच बाटली दाबत होती. थेंब गालावरून ओघळत होता. मी म्हणालो, "हाक का नाही मारलीस?" ती म्हणाली, "तुझं ध्यान चालू असतं ना. तीन-चार दिवस मीच घालतेय. जातो थोडा आत."

ऐकून सुन्न झालो. एका भिंतीपलीकडे बाबा गेले तेव्हा मी दार लावून बसलो होतो. त्यांना शोधायला पुन्हा दार लावून बसलो आणि या वेळी भिंतीपलीकडे आई होती.

बाटली घेतली. आई डोळा गच्च मिटून घेत होती. "आई, ढिला सोड डोळा." ती म्हणाली, "तू आधी हात ढिला सोड. केवढा थरथरतोय." मी श्वास सोडला, खांदे सोडले, कपाळ सोडलं. थेंब बरोबर पडला.

सूत्रातला दुसरा शब्द मला त्यानंतर कळला. 'अनंत' म्हणजे अमर्याद, हा एक अर्थ. वाचस्पती मिश्र मात्र अनंत म्हणजे शेषनाग असा अर्थ करतात, पृथ्वी फण्यांवर तोलून धरणारा. सैल सोडायला शिकायचं तर मन कोणाकडे लावायचं? ज्याच्या डोक्यावर सगळ्यात जास्त भार आहे त्याच्याकडे! मी इतके दिवस समजत होतो की भार खाली टाकला की माणूस सैल होतो. शेष भार टाकत नाही. तो ताण न घेता धरून राहतो.

मी शवासन अजून करतो. झोप चांगली लागते, जबडाही सुटतो. बाबा कुठे आहेत, हे मला आजही माहीत नाही. कपाटावर काही ठेवत नाही. धूळ मात्र दर रविवारी पुसतो.

आजचा छोटासा संकल्प: आज एखादं काम करताना मध्येच थांबून बघा, जबडा आवळलेला आहे का? असेल तर सोडा. काम सोडू नका.

राम कृष्ण हरी.