मारतंय कोण, कोंडताय कुणाला?

खुराड्याची फळी सरकवली की सगळ्यात आधी काळी बाहेर पडते. तिच्यामागे तांबडी, मग झिपरी, मग बाकीच्या. गेल्या आषाढात एका सकाळी पाचच आल्या, सहावी येईना. आत हात घातला तर कबरी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. तुऱ्यामागची पिसं उपटलेली, मान सोललेली. बोटांना ओलं लागलं.

आठ दिवसांपूर्वी आठवडा बाजारातून कबरीला मीच आणलं होतं. कोवळी तलंग. विकणारा सांगत होता, जोडी न्या. मी एकीचेच पैसे मोजले. भरदुपारी तिला बाकीच्यांच्या पुढ्यात सोडली आणि चहा टाकायला आत गेले. नवी कोंबडी एकटी आणू नये, दोघी असल्या की मार वाटला जातो. आठवडाभर मधे जाळी ठेवावी, म्हणजे नजरा सरावतात. मग रात्री अंधारात दांडीवर इतरांच्या शेजारी अलगद बसवावी. हे सगळं मला माहीत होतं. ‘मला काय ठाऊक’ म्हणायची सोय नाही.

कोंबड्यांत उतरंड असतेच. नॉर्वेच्या थोर्लीफ शेल्डेरुप-एब्बने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२१ साली त्यावर प्रबंध लिहिला. कोणी कोणाला टोचायचं हे कळपात ठरलेलं असतं, आणि एकदा ठरलं की भांडणं उलट कमी होतात; वरचीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला सरकते. म्हणून सुरुवातीच्या टोचाटोचीत आपण पडू नये, हे खरंच. पण रक्त दिसलं की गोष्ट बदलते. तो लाल ठिपका पाहून एरवी कोणाच्या अध्यातमध्यात नसणाऱ्याही टोचायला येतात. त्यात पावसामुळे मी त्यांना दिवस दिवस कोंडून ठेवलेलं. दाण्याचं भांडं एक, पाण्याचं एक. काळी भांड्यापाशी उभी राहिली की कबरीला ना दाणा, ना पाणी. उतरंड त्यांची होती. अडचण मी करून ठेवलेली.

मग मी काय केलं? जखमेला हळद-खोबरेल लावलं, लाल दिसू नये म्हणून वरून जांभळं औषध लावलं आणि कबरीला पडवीत डालग्याखाली ठेवलं. हातावर कणी भरवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला डालगं उचलून दाखवली. आपण फार दयाळू आहोत असं तेव्हा वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

तीन आठवड्यांनी पिसं फुटली. तिला परत सोडली आणि काळीने पाच मिनिटांत तिला चिखलात लोळवली. इतके दिवस बाहेर राहिलेली कोंबडी परत येते ती परकी होऊनच. जखम मी भरली, पण कळपातली तिची जेमतेम मिळालेली जागा मीच घालवली होती. पुन्हा डालगं शोधत होते, तेवढ्यात वरच्या वाडीतली म्हातारी कुंपणापाशी थांबली. म्हणाली, “बाई, मारतंय कोण न् कोंडताय कुणाला?”

मी हसले. पण रात्री झोप लागेना.

काळीला कोंडायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. का? काळी माझी लाडकी. अंडी तिची सगळ्यात मोठी. माझा आवाज ऐकला की ती पायात येते. शिवाय तिच्या धाकाने कळपही आवरलेला राहतो. तिला कोंडणं म्हणजे माझी बसलेली घडी मोडणं. कबरीला उचलण्यात माझं काहीच मोडत नव्हतं.

आणि मग एक वर्ग आठवला. मी बत्तीस वर्षं शिकवलं. सातवीत एक मुलगा होता, नवीन आलेला. त्याचा डबा रोज कोणीतरी संपवायचं, पाठीवर शाई उडायची. कोण करतं ते मला माहीत होतं: माझा मॉनिटर. हुशार, तरतरीत, खडू संपायच्या आत खडू आणून ठेवणारा. मी बाहेर गेले तरी वर्ग गप्प ठेवणारा. तो कसा गप्प ठेवतो, हे मी कधी विचारलं नाही. नव्या मुलाला आधी माझ्या टेबलाशेजारी बसवलं. त्याने त्याचं हसं आणखी झालं. मग त्याला दुसऱ्या तुकडीत पाठवलं. हजेरीपत्रकात त्याचं नाव लाल शाईने खोडून पुढे शेरा लिहिला: ‘तुकडी बदल’. दिवाळीनंतर तो शाळेतच आला नाही. मॉनिटरला मी एका शब्दाने बोलले नव्हते.

‘त्याच्या भल्यासाठी’ हेच मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. आज विचारते, भलं कोणाचं झालं? वर्ग माझा शांत राहिला.

दुसऱ्या दिवशी काळीला गोठ्यामागच्या खोपटात, बाकीच्यांच्या नजरेआड, चार दिवस कोंडली. इकडे दोन भांडी लांब लांब ठेवली, कोपऱ्यात एक फळी आडवी लावली, अंबाडीची जुडी टांगली; चोची तिकडे गुंतल्या. काळी परत आली तेव्हा तांबडीने तिला टोचलं, आणि ती मागे सरली. माझ्या पोटात कालवलं. कबरीसाठी इतकं कधी कालवलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

आता कबरी शेवटची असते, पण दांडीवर असते. पोटभर खाते. काळीला मी न्यायासाठी कोंडलं, की रोजच्या मलमपट्टीला कंटाळून, हे मला नक्की सांगता येत नाही. संध्याकाळी फळी लावताना सहा मोजते. त्या वर्गाचा पट मात्र मोजायला गेले की एक कमीच भरतो.