पाणी आधी, ओपल नंतर

आजच्या मननासाठी एक साधी खरेदी घेऊ. सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा.

मनाने दक्षिण ऑस्ट्रेलियात चला. अ‍ॅडिलेडहून उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटरवर, स्टुअर्ट महामार्गावर कूबर पीडी हे गाव आहे. ग्लेनडॅम्बो हे वाटेतलं ठाणं मागे पडलं की पुढच्या २५४ किलोमीटरमध्ये पेट्रोलपंप नाही. बाहेर नुसती उघडी, सपाट जमीन. मग पांढरट मातीचे ढीग दिसू लागतात आणि संपतच नाहीत. प्रत्येक ढिगाजवळ कुणीतरी ओपल या रत्नासाठी खणलेली खोल विहिरीसारखी खाण. गाव आलं.

आधी पाणी घ्या. इथे नाणं टाकलं की पाणी देणारा नळ आहे. गावापासून सुमारे २४ किलोमीटरवरच्या बोअरचं खारं पाणी क्षार काढून इथवर येतं. कॅन नळाखाली धरा आणि आवाज ऐका. आधी पोकळ, मग भरत जाणारा. कॅन उचला. २० लिटर म्हणजे २० किलो, ते खांद्याला कळू द्या. मराठवाड्यात टँकरची वाट पाहिलेल्यांना हे वजन ओळखीचं आहे. बाकीच्यांनी इथे जरा जास्त वेळ रेंगाळावं. मनात प्रश्न एवढाच ठेवा: पुढच्या वस्तीपर्यंत हे पुरेल का? उत्तरेला मार्ला हे ठाणं सुमारे २३४ किलोमीटरवर आहे. वाटेत गाडी बंद पडली तर लागेल तेवढं जास्तीचं पाणीही याच हिशेबात धरा.

मग किराणा. ब्रेड, कांदे, दूध, सफरचंदं. इथे जवळजवळ काहीच पिकत नाही, सगळं ट्रकने येतं. सफरचंद हातात घ्या. किंमत जास्त वाटेल. लगेच कुरकुरू नका. त्या किमतीत डिझेल आहे, ट्रकमधला गारवा आहे, रात्रभर जागा राहिलेला चालक आहे. मुंबई-पुण्यातही फळं लांबूनच येतात, पण तिथे ते अंतर आपल्याला जाणवत नाही. इथे ते आपण स्वतः कापून आलेलो असतो. लागेल तेवढंच घ्या.

आता एखाद्या जमिनीखालच्या दुकानात उतरा. उन्हाळ्यात वर पारा सहज चाळिशीपार जातो, आणि खडकात कोरलेल्या या खोल्या मात्र वर्षभर २३ ते २५ अंशांवर राहतात. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या.

काचेखाली ओपल आहेत. आपल्याकडे कित्येक घरांत हा शुक्राचा खडा म्हणून अंगठीत घालतात. एक मागून घ्या, तळहातावर ठेवा, किंचित कलता करा. हिरवा रंग जातो, तांबडा येतो, मग निळा. हा रंग खड्यात मिसळलेला नाही. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोल एकावर एक नीट रचलेले असतात. प्रकाश त्यांच्यामधून वळतो आणि फुटतो. आणि या खड्यात पाणी आहे, थोडंसं, पण आहे. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या गाळाचा खडक झाला, त्यातून झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका फटींत नेऊन साठवला. १९१५च्या फेब्रुवारीत सोनं शोधणाऱ्यांच्या तांड्यातला १४ वर्षांचा विली हचिसन पाणी शोधायला गेला आणि त्याला हे ओपल सापडले. पाणी आणि ओपल इथे पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत. यावर हवा तितका वेळ घ्या.

घ्यायचाच असेल तर खडा कडेने पाहा. डब्लेट म्हणजे ओपलची पातळ चकती गडद पाठीवर चिकटवलेली; ट्रिप्लेटवर आणखी एक पारदर्शक टोपी. दोन्ही सुंदर असतात, फक्त अखंड ओपलच्या भावाने घेऊ नका.

शेवटी आदिवासी शैलीतली ठिपक्यांची नक्षी काढलेली बूमरँगं. इथे सर्वांत सावकाश व्हा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने एका घाऊक विक्रेत्याला २३ लाख डॉलर दंड केला. इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू त्याने आदिवासी कलाकारांच्या म्हणून विकल्या होत्या. मला ही साधी भेसळ वाटत नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्या रेषाही परस्पर विकणं आहे हे. कूबर पीडीच्या परिसरावरचा मूळ रहिवाशांचा हक्क न्यायालयाने मान्य केला तोच मुळी २०११ मध्ये.

म्हणून बूमरँग उलटून पाहा आणि विचारा: हे कुणी रंगवलं? उत्तराची वाट पाहा, मध्ये बोलू नका. कलाकाराचं नाव, तिचं गाव, पैसे तिच्यापर्यंत कसे पोहोचतात, हे सांगता आलं तर घ्या. नाही सांगता आलं तर परत ठेवा, आणि तेच पैसे आदिवासींच्या मालकीच्या एखाद्या कलाकेंद्रासाठी राखून ठेवा.