मोकळी वाट, परकी जागा

माउली, एक शंका घेऊ या. जी जागा आपली नाही, पण जिथं जायला कुणी अडवत नाही, तिथं आपण कोण? धनी, पाहुणे, की नुसते फिरस्ते?

लोणावळ्याचं भुशी धरण घ्या. ते सहलीसाठी बांधलेलं नाही. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून बांधलं, आणि आजही ते रेल्वेच्याच मालकीचं आहे. इंजिनं गेली, पायऱ्यांवरून वाहणारं पाणी राहिलं. पावसाळ्यात तिथं गर्दी लोटते. यात वाईट काहीच नाही. पावसात भिजून पोरं हसतात तो आनंदही देवाचाच; कोरडं वैराग्य सांगणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

पूर्वपक्ष म्हणतो, ‘जागा रेल्वेची, राखण रेल्वेनं करावी. आम्ही चार घटका बसणार नि जाणार.’ बोलणं बिनतोड वाटतं. पण हे धरण इंद्रायणीवर आहे. तेच पाणी देहूला जातं, आळंदीला जातं, तुळापुरात भीमेला मिळतं, उजनीत साठतं आणि पुढे चंद्रभागा होतं. रेल्वेची हद्द त्या पाण्याला ठाऊक नाही. तिथं पाण्यात जे टाकाल, ते आपल्याच स्नानाच्या वाटेवर टाकाल.

दुसरा म्हणतो, ‘जीव माझा, धोका माझा.’ 30 जून 2024 ला पालख्या पुण्यात आल्या. त्याच दिवशी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत चार लेकरं. गेलेल्यांना बोल लावायचा नाही. वर डोंगरात सर पडली की ओढा बघता बघता फुगतो, आणि शेवाळावर पाय ठरत नाही. पण त्यांना शोधायला स्थानिक बचाव पथकाची मुलं त्या पाण्यात उतरली. त्यांनाही घरी आई आहे. मग जीव एकट्याचा कसा राहिला?

हे आपल्याला नवं नाही. वारीत आपल्या राहुट्या परक्या शेतात पडतात. शेतकरी भाडं मागत नाही, वर पाया पडतो. काही दिंड्या पहाटे निघताना जागा झाडून जातात. काही पत्रावळी नि प्लास्टिक टाकून जातात, आणि वाळवंटात अंगावरची वस्त्रं सोडतात. त्यांना कुणी दंड करत नाही, म्हणूनच त्यांची परीक्षा तिथं होते. अडसर काढणारानं आपल्यावर विश्वास टाकलेला असतो, हक्क दिलेला नसतो.

चोपदारानं दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. कुणी ‘का’ विचारत नाही. धरणावर चोपदार नसतो, इशाऱ्याचा फलक असतो; त्याच्यापुढे पाऊल टाकू नका. लेकरांना घेऊन जाल तर उजेडात जा, उजेडातच परता. भाजलेलं कणीस जरूर खा, त्या पावसात त्याची गोडी निराळीच. पिशवी मात्र घरून न्या, आणि भरून घरीच आणा.